आधी स्टँड, मग कृत्तिका

मोठी द्विनेत्री विकत घेतलेल्या माणसाची पहिली रात्र कशी गेली, हे मला न विचारताच कळतं. संध्याकाळी खोका उघडलेला असतो, जेवण घाईत उरकलेलं असतं आणि साडेनऊच्या सुमाराला गडी गच्चीवर उभा राहून दोन किलोचं धूड डोळ्यांना लावतो. तारे दिसतात, पण एकही जागेवर थांबत नाही. छातीच्या ठोक्यागणिक तारा उडी मारतो. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, पाचव्या मिनिटाला मान धरते. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते, गणपतीच्या मखराशेजारी.

दुर्बीण बहुतेक वेळा चांगलीच असते. चुकतं ते एवढंच की आपण तिला हातातली वस्तू समजतो. क्रिकेटच्या मैदानावर किंवा पक्षी बघायला न्यायची ८×४० किंवा १०×५० ही हातातली. १५×७० ही सीमारेषा. भिंतीला टेकून, कोपर गुडघ्यांवर रोवून काही क्षण जमते. २०×८० आणि २५×१०० यांना स्टँड हवाच. म्हणून पैसे मोजायला बसाल तेव्हा आधी स्टँडचे बाजूला काढा, उरतील त्यात दुर्बीण घ्या. दुकानदार उलटं सांगेल.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. १५×७० मधला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आकाशासाठी दुसरा आकडा मोलाचा. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग म्हणजे दहापट व्यास, म्हणून शंभरपट प्रकाश. साध्या डोळ्याला चांगल्या आकाशात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. ही दुर्बीण अंधाऱ्या जागी दहाव्या प्रतीच्याही पलीकडे नेते.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. १५×७० ला येतात साधारण ४.७, २०×८० ला ४. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास. ती चकती तुमच्या बाहुलीत मावली पाहिजे. वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते, पन्नाशीत अनेकांची ५ मिलिमीटरच्या आसपास येते. म्हणजे ११×७० मधून येणारी सहा मिलिमीटरपेक्षा मोठी चकती साठीच्या माणसाच्या डोळ्यात पूर्ण शिरतच नाही, बाहेरचा प्रकाश वाया जातो. १५×७० आणि २०×८० सगळ्यांना चालतात ते यामुळे.

दोन्हींतून एकच घ्यायची तर मी १५×७० सांगेन. तिच्यात साधारण साडेचार अंश आकाश एका वेळी दिसतं, म्हणजे पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवले तर आठ-नऊ मावतील एवढं. वजन दीड किलोच्या आत-बाहेर. २०×८० जास्त खोल दाखवते, पण आकाशाचा तुकडा लहान होतो आणि स्टँडचा खर्च वाढतो. २५×१०० घेणाऱ्याने गाडीची डिकी आणि पाठीचा कणा, दोन्ही तपासून घ्यावेत.

विकत घेताना दुकानातच तीन गोष्टी करून बघा. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा, उजळ आकाशाकडे रोखा आणि नेत्रिकांमधल्या प्रकाशाच्या दोन चकत्या पाहा. त्या स्वच्छ गोल दिसल्या तर आतले लोलक बॅक-४ काचेचे असण्याची शक्यता मोठी. कडा कापल्यासारख्या, करड्या चौकोनी दिसल्या तर खाली ठेवा. दुसरं, चष्मा लावून बघणार असाल तर नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते बघा. पंधरा मिलिमीटर तरी हवेत. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं, पण सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावाच लागतो. तिसरी परीक्षा सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती मी केली नव्हती.

माझी पहिली २०×८० ऑनलाइन मागवली होती. वाटेत खोका कुठेतरी आपटला असणार. रात्री व्याधाकडे रोखली तर व्याध दोन. डोळे बारीक केले की एक व्हायचा, सोडले की पुन्हा दोन, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. यालाच कोलिमेशन बिघडणं म्हणतात. थोडा बिघाड असेल तर डोळे निमूटपणे जुळवून घेतात आणि तुम्हाला वाटतं, आपल्यालाच सवय नाही. म्हणून दुकानात लांबच्या एखाद्या टॉवरच्या टोकाकडे बघत डोळे हळूहळू नेत्रिकांपासून मागे न्या. टोक दुभंगलं तर ती दुर्बीण नको. माझी परत घेतली गेली, पण तोवर मार्गशीर्षाची अमावास्या निघून गेली होती. स्क्रू फिरवून स्वतः दुरुस्त करायच्या चित्रफिती इंटरनेटवर आहेत. पहिल्या दुर्बिणीवर तो प्रयोग करू नका.

आता स्टँड. लग्नाच्या फोटोसाठी मिळणारा हलका ट्रायपॉड इथे उपयोगाचा नाही. त्यावर मोठी दुर्बीण चढवली की बाभळीवर पोपट बसावा तशी ती झुलत राहते. व्हिडिओ कॅमेऱ्याचं डोकं असलेला, दुर्बिणीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पेलणारा ट्रायपॉड बघा. चाचणी अशी: तारा मधोमध आणा, दुर्बिणीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि मोजा. दोन सेकंदांत तारा स्थिर झाला तर ठीक. पाच सेकंद नाचत राहिला तर मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली किंवा दगड घातलेली पिशवी लटकवा आणि पायांचे खालचे, बारीक भाग आत घ्या. दुर्बीण आणि ट्रायपॉड जोडणारा इंग्रजी एलच्या आकाराचा तुकडा धातूचाच घ्या. प्लास्टिकचा तुकडा स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो.

पण स्टँड चांगला असला तरी आपल्याकडे एक अडचण उरतेच, आणि परदेशी पुस्तकांत तिच्यावर पुरेसं लिहिलेलं नसतं. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अक्षांशांत येतो. त्यामुळे हिवाळ्यातलं सगळं वैभव आपल्या थेट डोक्यावर येतं. लंडनच्या माणसाला कृत्तिका जास्तीत जास्त ६२-६३ अंशांवर दिसते. पुण्यात ती ८४ अंशांपर्यंत चढते, म्हणजे जवळजवळ खस्वस्तिकात. पुष्य नक्षत्र तर अगदी माथ्यावरून जातं. सरळ नळीची दुर्बीण ट्रायपॉडवर लावून माथ्यावर बघायचं म्हणजे तिच्याखाली उकिडवं बसून मान मागे मोडायची. पुण्यात मित्रमंडळींत याला आम्ही ‘मानमोडी’च म्हणतो.

उपाय दोन. एक म्हणजे अशी जोडणी, जिच्यात समांतरभुज चौकोनासारखे दांडे असतात आणि दुर्बीण ट्रायपॉडपासून लांब, तुमच्या चेहऱ्यावर येऊन थांबते. ती महाग असते, पण चांगला सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांतून करून देऊ शकतो. मागच्या टोकाला जिममधली वजनाची तबकडी लावली की समतोल साधतो. दुसरा उपाय फुकट आहे: वस्तू माथ्यावर असताना बघायचीच नाही. उगवून वर चढताना किंवा मावळतीकडे उतरताना, ३० ते ६० अंशांमध्ये असताना बघा. त्यासाठी वेळापत्रक डोक्यात ठेवावं लागतं, ते पुढे देतो.

१५×७० असेल तर तिसराही मार्ग आहे. गावाकडे बाज असते. तिच्यावर उशी घेऊन आडवं व्हा, दुर्बीण छातीवरून चेहऱ्यावर आणा, कोपरं दोन्ही बाजूंना टेकवा. केरसुणीचा नव्हे, लांब झाडूचा दांडा छातीवर उभा धरून दुर्बिणीला त्याचा टेकू द्या. थरथर निम्मी होते. मी आजही माथ्यावरचं आकाश असंच बघतो.

तारीख ठरवायला कालनिर्णय पुरे. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, त्यानंतर अमावास्येपर्यंत आणि पुढे शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंत रात्रीचा कामाचा भाग अंधारात मिळतो. संकष्टीचा चंद्रोदय तर घरोघरी पाठ असतो. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो, सव्वासातला आकाश पूर्ण काळं होतं आणि संकष्टीचा चंद्र साडेआठ-नऊच्या सुमाराला येतो. म्हणजे उपास करणारे चंद्राची वाट बघत असताना तुम्हाला सव्वा ते पावणेदोन तास काळोख फुकट मिळतो. एकदा आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारच्या काकू आरतीचं ताट घेऊन आल्या तेव्हा मी २०×८० चंद्रोदयाच्या दिशेला लावून ठेवली होती. झाडांमागून वर येणारा तांबूस, चपटा चंद्र त्यांनी पाहिला आणि हातातली उदबत्ती विझली तरी डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, “अरे, याला तर देवी येऊन गेल्यात!” त्यांचा मोदक त्या दिवशी पहिल्यांदा मला मिळाला.

जागा. शहराची गच्ची चंद्र आणि गुरूच्या चार चंद्रांसाठी ठीक. तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्या तर शहरापासून किमान पन्नास-साठ किलोमीटर जा, आणि शहर कोणत्या दिशेला राहील याचा विचार करा. हिवाळ्यात आपल्याला पूर्व आणि दक्षिण हवी. पुण्याहून भोरच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड उत्तरेला राहतो आणि दक्षिणेचं क्षितिज हाती लागतं. विदर्भातल्यांना जवळच पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. दुर्बीण घ्यायच्या आधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघायचं असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला एक रात्र घालवली तर हा अर्धा लेख वाचायची गरज उरत नाही.

शेतात बसणार असाल तर गावात आधी सांगून ठेवा. पोलीस पाटलांना एक फोन करा. जुन्नर-आंबेगावकडे उसाच्या फडाशेजारी मुळीच बसू नका, तिथे बिबट्याचा वावर आहे. आम्ही एका वर्षी न सांगता एका मित्राच्या रानात बसलो होतो. साडेदहाला बांधावरून चार बॅटऱ्या आणि तेवढ्याच काठ्या आल्या. “काय चाललंय पाव्हणं?” एवढ्या रात्री तोफेसारखं काहीतरी आभाळाकडे लावलेलं, त्यांचंही बरोबरच होतं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी स्टुलावर बसवलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग मागे वळून पोरांना म्हणाले, “तिकांड्यात एवढं खच्चून भरलंय व्हय रं!” मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना त्या बाजूला तिकांडं म्हणतात. काठ्या बांधाला टेकवून चौघेही बाराला गेले.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि तो सराव मोबाइलच्या एका झळकीने मोडतो. टॉर्चला लाल जिलेटिनचे दोन-तीन थर रबराने लावा. आकाशाचा नकाशा मोबाइलवर बघणार असाल तर त्याचं लाल रात्र-रूप सुरू करा आणि उजेड अगदी खाली आणा. मंद वस्तूकडे रोखून बघू नका. डोळ्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी दाटलेल्या असतात, पण अंधुक उजेड ओळखणाऱ्या पेशी कडेला जास्त. म्हणून वस्तूच्या थोडं शेजारी बघितलं की ती उजळते. आधी हे थापेसारखं वाटतं. देवयानी दीर्घिकेवर करून बघा.

फोकस असा करा: आधी दोन्ही नळ्या उघडझाप करून तुमच्या डोळ्यांतल्या अंतराशी जुळवा, इतक्या की दोन वर्तुळांचं एक व्हावं. मग उजवं भिंग झाकून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मधल्या चाकाने डावीकडचा तारा टाचणीच्या टोकाएवढा करा. मग डावं झाका आणि उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा. काही मोठ्या दुर्बिणींना मधलं चाक नसतं, दोन्ही नेत्रिका वेगवेगळ्या फिरवायच्या असतात. आकाशासाठी तेच बरं, कारण इथे सगळंच सारखं दूर आहे. एकदा जमवलं की रात्रभर हात लावायचा नाही.

आता वेळापत्रक. खालच्या वेळा डिसेंबरच्या मध्याच्या, पुण्याच्या आसपासच्या. पुढच्या प्रत्येक पंधरवड्याला एक तास अलीकडे आणा.

सव्वासात. पूर्वेला चाळीस अंशांवर कृत्तिका. मान सरळ ठेवून बघता येते ती हीच वेळ. साध्या डोळ्याला सहा तारे. गॅलिलिओने १६१० च्या पुस्तकात छत्तीस रेखाटले होते, आणि त्याची दुर्बीण तुमच्या दुर्बिणीपेक्षा प्रकाशाच्या बाबतीत फार गरीब होती. १५×७० मध्ये पूर्ण गुच्छ भोवतीच्या काळोखासकट मावतो, आणि हा काळोखच खरी गंमत आहे. मोठ्या टेलिस्कोपात कृत्तिका फुटून जाते, दोन-चार तारे राहतात. इथे निळसर पांढरे नऊ-दहा ठळक तारे, त्यांच्यामागे बारीक चुरा आणि सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याच्या जवळून निघालेली मंद ताऱ्यांची एक वळणदार वेणी. ती वेणी दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. मला पहिल्यांदा दिसायला तीन रात्री लागल्या होत्या.

कृत्तिकेभोवती धुक्यासारखं काही दिसलं तर हुरळून जाऊ नका. खरा तेजोमेघ तिथे आहे, पण फार अंधाऱ्या आकाशातच कळतो. दुर्बीण थोडी खाली, रोहिणीच्या व्ही आकाराच्या गुच्छावर न्या. तिथेही प्रत्येक ताऱ्याला प्रभामंडळ असेल तर ते भिंगावरचं दहिवर आहे. जाता जाता, तो तांबूस रोहिणी तारा त्या गुच्छातला नाहीच. गुच्छ दीडशे प्रकाशवर्षांवर, रोहिणी पासष्टवर. ती फक्त आड येते.

आठ ते साडेनऊ उत्तरेकडे वळा. आपल्या मराठी तारामंडळांनी ययातीच्या घरातला कज्जा आकाशात कायमचा मांडून ठेवला आहे: देवयानी, शर्मिष्ठा, ययाती आणि वृषपर्वा, सगळे शेजारी शेजारी. शर्मिष्ठा आणि ययाती यांच्या मधोमध साध्या डोळ्याला एक धूसर ठिपका दिसतो. त्यावर दुर्बीण आणली की एकाच्या जागी दोन तारकागुच्छ, एकमेकांना खेटून. अंतर सुमारे साडेसात हजार प्रकाशवर्षं. नऊच्या पुढे-मागे तो उत्तरेला पन्नास अंशांवर असतो, म्हणजे अगदी आरामात. मोठ्या द्विनेत्रीसाठीच हा जोडगुच्छ घडवला असावा, असं मला दरवर्षी वाटतं. २०×८० मध्ये तर तो १५×७० पेक्षाही सुंदर दिसतो, हे मात्र कबूल करायला हवं.

देवयानी दीर्घिका संध्याकाळी फार वर असते. दहानंतर वायव्येकडे कलते तेव्हा गाठा. भाद्रपदांच्या चौकोनातल्या उत्तरा भाद्रपदेच्या ताऱ्यापासून देवयानीच्या रांगेने दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जा, तिथून शर्मिष्ठेच्या दिशेने काटकोनात वळा, दोन मंद तारे ओलांडा. मध्ये एक उजळ गाभा आणि दोन्ही बाजूंना पसरत गेलेला प्रकाश. फोटोतले सर्पिल हात शोधू नका, ते दिसणार नाहीत. त्याऐवजी दोन मिनिटं शेजारी बघत राहा आणि हा लांबुळका प्रकाश कुठे संपतो ते ठरवायचा प्रयत्न करा. दर मिनिटाला तो थोडा लांब होतो. अंधाऱ्या जागी दृश्याच्या निम्म्याहून जास्त भाग व्यापतो. तो प्रकाश तिथून निघाला पंचवीस लाख वर्षांपूर्वी.

साडेनऊला, म्हणजे देवयानीची वाट बघत असतानाच, मृग पूर्वेला चाळीस अंशांवर आलेला असतो. आधी तिकांड्यावर जा. तीनही तारे एका दृश्यात येतात, आणि मधल्या आणि पश्चिमेकडच्या ताऱ्यांमध्ये बारीक ताऱ्यांची एक नागमोडी ओळ आहे, इंग्रजी एससारखी. बहुतेक जण घाईने खाली तेजोमेघाकडे जातात आणि ही ओळ आयुष्यभर बघत नाहीत. मग खाली उतरा. एम ४२, सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षं. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखा करडा-हिरवट प्रकाश. गुलाबी रंग कॅमेऱ्याचा, डोळ्याचा नव्हे. मध्ये चार ताऱ्यांचा एक लहानसा चौकोन आहे. पंधरापटीत तो लांबट ठिपका वाटतो, पंचवीसपटीत पक्क्या स्टँडवर फुटतो. तुमचा स्टँड किती चांगला आहे याची परीक्षा घ्यायची तर इथे घ्या. उत्तरेकडचा काक्षी आणि दक्षिणेकडचा राजन्य लागोपाठ बघा: एक विस्तवासारखा, दुसरा निळसर पांढरा. फोकस किंचित बिघडवला की रंग आणखी ठसठशीत होतात.

मध्यरात्रीनंतर व्याध चांगला वर येतो. त्याच्या चार अंश दक्षिणेला एम ४१ हा गुच्छ. १५×७० मध्ये वरच्या कडेला व्याध झगमगत ठेवून खालच्या कडेला गुच्छ बघता येतो, पण व्याध बाहेर काढलात तर गुच्छ जास्त उलगडतो. एवढ्यात दक्षिणेला अगस्त्यही आलेला असतो. पुण्याहून तो कधीच १९ अंशांच्या वर जात नाही.

या सगळ्यात एखाद्या वस्तूला किती वेळ द्यायचा? आकाश तासाला पंधरा अंश सरकतं, त्यामुळे १५×७० मध्ये मधोमध आणलेली वस्तू आठ-नऊ मिनिटं तरी दृश्यात राहते. ती सरकून कडेला जाईपर्यंत हलू नका. एवढी शिस्त पाळली तर रात्रीत सहा-सात वस्तूच होतील, आणि तेवढ्याच पुष्कळ. ॲपवर चाळीस वस्तूंची यादी करून धावत सुटणारे मी पाहिले आहेत. सकाळी विचारलं तर एकही आठवत नाही. त्यापेक्षा शंभर पानी वहीत पेन्सिलने एक वर्तुळ काढा आणि दिसलं तसं टिंबांनी मांडा. वेळ, जागा आणि हवा बाजूला लिहा.

एकाच आकाशाकडे वर्षानुवर्षं असं बघत राहिलेल्या दोन माणसांची नावं सांगतो. इंग्लंडमधल्या जॉर्ज ॲलकॉक या शाळामास्तरांना हजारो तारे पाठ होते, त्यामुळे परका ठिपका लगेच खटकायचा. मे १९८३ मध्ये त्यांनी एक धूमकेतू घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून १५×८० द्विनेत्रीने शोधला. जपानच्या यूजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ मध्ये २५×१५० द्विनेत्रीतून जो धूमकेतू पाहिला, तो दोनच महिन्यांत जगभर साध्या डोळ्यांना दिसला.

दिवसा सूर्याकडे ही दुर्बीण कधीही वळवू नका. क्षणभरही नाही, ढगाआडूनही नाही, ग्रहणातही नाही. घरात लहान मूल असेल तर वापर नसताना पुढच्या भिंगांवर झाकणं असलीच पाहिजेत आणि दुर्बीण त्याच्या हाती लागणार नाही अशी असावी.

दहिवर हा आपला हिवाळ्यातला खरा शत्रू. अकरा-बाराच्या सुमाराला भिंगं ओली होतात. काळ्या क्राफ्ट पेपरच्या दोन गुंडाळ्या करून पुढच्या नळ्यांवर बाहेर आलेल्या ठेवा, एक-दोन तास वाढतात. नेत्रिकांवर धुकं धरतं ते आपल्याच श्वासाचं. मफलर नाकाखाली, हनुवटीवर ठेवा, नाकावर नको, नाहीतर श्वास वर जाऊन थेट काचेवर बसतो. ओली भिंगं शर्टाच्या टोकाने पुसायची नाहीत. डास पळवायचा मलम लावलेली बोटंसुद्धा भिंगापासून लांब ठेवा, तो डाग सहज जात नाही.

परत निघताना दुर्बीण झाकणं लावून, पिशवीत चेन बंद करून ठेवा आणि घरी पोहोचल्यावर लगेच उघडू नका. बाहेरची गार काच घरातल्या उबदार हवेत आली की आतून-बाहेरून पाणी धरते. सकाळी उन्हं आल्यावर पिशवी उघडा, झाकणं काढा, दुर्बीण पंख्याखाली तासभर राहू द्या. जूनपासून मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत तिला बसवा. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीची जाळी धरते, आणि ती धरली की तारे कायमचे धुक्यातले. पुडीचा निळा रंग गुलाबी झाला की ती तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. पहिल्या पुड्या मी दसऱ्यालाच बदलतो, शस्त्रपूजनात दुर्बीणही ठेवलेली असते, तेव्हा.